‘हरी… हरी हार्ड!’ : सँड्रा श्मर्लरची गोष्ट

गोठलेली_पणती

कीर्तनाचा धागा समजून आत आला असाल तर माफ करा. माझीही अशीच फसगत झाली होती.

कॅनडातल्या रेजायनात आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या मंडळींनी मला ओढून कर्लिंगच्या रिंकवर नेलं. (उच्चार रेजायना. सासूबाई अजून ‘रेगिना’ म्हणतात, मी दुरुस्त करणं सोडून दिलंय.) बाहेर उणे अठ्ठावीस. आत बर्फाच्या लांबच लांब पट्ट्या, आणि एका टोकाला उभी राहून एक पन्नाशीची बाई घसा खरवडून ओरडतेय, "हरी! हरीऽऽ! हरी हार्ड!" दोन सेकंद मी खरंच टाळ-मृदंग कुठे दिसतात का ते पाहिलं. मग शेजारच्याने सांगितलं की ती ‘हर्री’ म्हणतेय. सरकत येणाऱ्या दगडापुढचा बर्फ जीव खाऊन घासा, असा तो हुकूम.

त्या संध्याकाळी मी दोनदा आपटले. या खेळात एका बुटाच्या तळाला टेफ्लॉनची गुळगुळीत चकती असते आणि दुसऱ्याला रबर. मी नेमका चकतीचा पाय आधी टाकला. गुडघा चोळत बाकावर बसले तेव्हा समोरच्या भिंतीवर चार बायकांचा फोटो दिसला. गळ्यात पदकं, पण चेहरे आपल्या बँकेच्या काउंटरमागे असतात तसे. "ही सँड्रा," शेजारचा म्हणाला, आणि पुढे काही बोललाच नाही. इथली माणसं हवामानावर वीस मिनिटं बोलू शकतात, म्हणून त्याचं ते गप्प बसणं लक्षात राहिलं. घरी येऊन वाचायला लागले ते आजतागायत वाचतेय.

सँड्रा श्मर्लर. कॅनडात यमक जुळवून ‘श्मर्लर द कर्लर’ म्हणायचे. तीन वेळा जगज्जेती, आणि ऑलिंपिकच्या इतिहासातलं महिला कर्लिंगचं पहिलं सुवर्ण तिच्या संघाचं.

ज्यांनी कर्लिंग फक्त दर चार वर्षांनी चॅनेल बदलताना पाहिलंय त्यांच्यासाठी दोन शब्द. साधारण ४५ मीटर लांबीची बर्फाची पट्टी, तिला शीट म्हणतात. पलीकडच्या टोकाला १२ फूट व्यासाचं रंगीत वर्तुळ, ते ‘घर’. ग्रॅनाइटचा दगड जास्तीत जास्त ४४ पौंडांचा, म्हणजे वीस किलोला किंचित कमी, वर धरायला मूठ. प्रत्येक संघाचे आठ दगड, आळीपाळीने. सोळा टाकून झाले की एक ‘एंड’ संपला. ज्याचा दगड घराच्या मध्याच्या सगळ्यात जवळ, त्यालाच गुण. समोरच्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा तुमचे जितके दगड आत, तितके गुण. शेवटचा दगड ज्याच्या हातात, त्याच्याकडे ‘हॅमर’. असे दहा एंड. चौघांत एक ‘स्किप’, म्हणजे कप्तान. ती घरात उभी राहून झाडू धरून निशाण दाखवते, ओरडते, आणि शेवटचे दोन दगड स्वतः टाकते.

बर्फ काचेसारखा गुळगुळीत असतो हा माझा गैरसमज होता. खेळाआधी एक माणूस पाठीवर पाण्याची टाकी घेऊन, आपल्याकडे द्राक्षबागेत फवारणी करतात तसा, पट्टीवर बारीक थेंब शिंपडत जातो. थेंब गोठतात, बर्फावर पुरळ उठल्यासारखे दाणे होतात. दगडाचा तळ वाटीसारखा पोकळ असतो, तो एका अरुंद कड्यावर टेकतो आणि त्या दाण्यांवरून घसरतो. टाकताना मूठ हलकी फिरवायची, की दगड शेवटी शेवटी वळतो. ते वळण म्हणजेच ‘कर्ल’. झाडूने घासलं की बर्फ जरासा तापतो, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. म्हणजे हातातून सुटलेल्या दगडाची चाल वाटेत बदलता येते. असा दुसरा खेळ मला तरी आठवत नाही. कॅरममध्ये सोंगटीला फुंकर मारली तर पोरं मारतील.

सँड्रा ११ जून १९६३ची, सस्कॅचवान प्रांतातल्या बिगर गावची. हो, बिगर. गावाच्या वेशीवर पाटी आहे, ‘न्यूयॉर्क इज बिग, बट धिस इज बिगर’. वस्ती दोनेक हजार. आमचा हा प्रांत म्हणजे क्षितिजापर्यंत गहू, आणि पीक निघालं की पाच-सहा महिने बर्फ. शेतकऱ्याला हिवाळ्यात काम नाही, म्हणून गाव कितीही चिमुकलं असो, एक उंच धान्यकोठार, एक चर्च आणि एक कर्लिंग रिंक असायचीच. कोल्हापुरात पोरगं तालमीत जातं तशी इथली पोरं रिंकवर. सँड्राच्या शाळेच्या संघाने १९८१ साली प्रांताची शालेय स्पर्धा जिंकली. मग सस्कॅटूनच्या विद्यापीठात शारीरिक शिक्षणाची पदवी, आणि नोकरीसाठी रेजायना. पोहण्याचा तलाव वगैरे असलेल्या महापालिकेच्या क्रीडाकेंद्रात पर्यवेक्षक. लोकांचे अर्ज, पाण्यातला क्लोरीन, मुलांच्या बॅचेस, तक्रारी. ही नोकरी तिने जगज्जेती झाल्यावरही केली.

१९९०च्या सुमाराला चौकडी जमली. सँड्रा स्किप, जॅन बेट्कर थर्ड, जोन मॅकस्कर सेकंड, मार्शिया गुडराइट लीड. (दगड टाकायचा क्रम याच्या उलट : लीड सगळ्यात आधी, मग सेकंड, थर्ड, शेवटी स्किप.) जोन शाळेत शिक्षिका. १९९३ला राष्ट्रीय विजेतेपद आणि जिनिव्हाला जागतिक. १९९४ला पुन्हा दोन्ही, या वेळी जर्मनीत ओबर्स्टडोर्फला. मग मधली दोन-तीन वर्षं थंड, आणि १९९७ला परत राष्ट्रीय आणि बर्नला जागतिक. चौकडी तीच.

एक गंमत. जुन्या नोंदी चाळल्या तर १९९३ आणि १९९४ची जगज्जेती ‘सँड्रा पीटरसन’ दिसते. ते पहिल्या लग्नाचं आडनाव. पुढे पुन्हा श्मर्लर, आणि शॅनन इंग्लंडशी दुसरं लग्न झाल्यावरही श्मर्लरच. मी दोन दिवस या दोन वेगळ्या बायका समजून वाचत होते. पॅनकार्डावर एक आणि पासपोर्टवर एक नाव घेऊन फिरलेल्या मैत्रिणींना हे कळेल.

आता तो दगड. ज्यासाठी हा धागा काढला.

नोव्हेंबर १९९७, मॅनिटोबा प्रांतातलं ब्रँडन. १९९८च्या हिवाळी ऑलिंपिकला कोण जाणार हे ठरवणारी स्पर्धा. तीन वेळा जगज्जेती असलात तरी थेट तिकीट नाही, रांगेत उभं राहायचं. सँड्राची पहिली मुलगी सारा सप्टेंबरात जन्मलेली. म्हणजे बाळंतपणाला जेमतेम अडीच महिने. आपल्याकडे या काळात बाईला डिंकाचे लाडू देऊन कानाला फडकं बांधून बसवतात. ही बर्फावर गुडघ्यात वाकून वीस किलोचे दगड टाकत होती.

अंतिम सामना कॅल्गरीच्या शॅनन क्लाइब्रिंकच्या संघाशी. सातवा एंड. सँड्राच्या हातात शेवटचा दगड. घरात मोक्याच्या जागी क्लाइब्रिंकचा दगड बसलेला, आणि समोरून सरळ वाट बंद. उरली फक्त एक वेडी वाट. बाजूला पडलेल्या एका दगडाच्या कडेला आपला दगड असा घासायचा की तो तिथून आत उसळेल, क्लाइब्रिंकचा दगड उडवेल आणि स्वतः घरातच राहील. या फटक्याला ‘इन-ऑफ’ म्हणतात. बोटभर जास्त लागला तर आपला दगड बाहेर, कमी लागला तर पोचतच नाही. शिवाय फेकायचा चाळीस मीटरवरून.

मी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिलाय की नवरा आता खोलीतून उठून जातो. दगड सोडल्यावर ती लगेच उभी राहत नाही. तशीच बर्फावर वाकलेली, नजर दगडाच्या मागे. टक्. मग दुसरा टक्. आणि मग सगळी ओरडाआरडा.

तीन गुण. सामना ९-६ जिंकला आणि चौघी जपानला गेल्या.

नागानो ऑलिंपिकचं कर्लिंग कारुइझावाला झालं, थंड हवेचं ठिकाण, आपलं महाबळेश्वर समजा. उपांत्य फेरीत ब्रिटनने घाम फोडला. दहा एंडांत बरोबरी, जादा एंडमध्ये ६-५. अंतिम फेरीत १५ फेब्रुवारीला डेन्मार्कला ७-५. डेन्मार्कचंही वाईट वाटून घेऊ नका, हिवाळी ऑलिंपिकमधलं त्यांचं ते पहिलंच पदक होतं. कॅनडाचे पुरुष मात्र अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडकडून सपाटून हरले.

चौघी परत आल्या आणि आठवड्याभरात रेजायनातच राष्ट्रीय स्पर्धेला उतरल्या. ती जिंकल्या नाहीत. मग आपापल्या कामावर.

पुढचं नंतर लिहिते, लेकीला डेकेअरमधून आणायचंय.

खडूस_आजोबा

लेख वाचला. भाषा चांगली. पण फरशी पुसायच्या खेळाला सुवर्णपदक देतात हे काही पचत नाही. आमच्याकडे सौ. गेली चाळीस वर्षं रोज ऑलिंपिक खेळतात, एक प्रशस्तिपत्रक नाही.

मिरचीभाकर

आजोबा, त्यांना एक दिवस स्किप करा आणि तुम्ही घासा. "हरी हार्ड" त्या ओरडतील.

कॅरमवाला_दादर

ताई, वाचताना बोटं शिवशिवली. हा तर आमचाच खेळ, फक्त सोंगटीचं वजन वीस किलो आणि बोर्ड पंचेचाळीस मीटर! दाण्यांचं वाचून बोरिक पावडर आठवली. तीही जास्त झाली की स्ट्रायकर वेड्यासारखा पळतो आणि कमी झाली की मध्येच बसतो. दर पाच मिनिटांनी हाताने पसरवावी लागते.

इन-ऑफबद्दल आजोबांसाठी : कॅरममध्ये राणी कोपऱ्यात चिकटलीय, समोर आपलीच सोंगटी आडवी. तेव्हा बाजूच्या सोंगटीला कट मारून स्ट्रायकर तिच्यावरून राणीवर न्यायचा. दोन हातांवरून दहातून चार वेळा जमेल. आता हे डोळ्यासमोर आणा आणि स्ट्रायकर दादर स्टेशनच्या एका टोकावरून सोडा.

एक प्रश्न. स्किप स्वतः दगड टाकत असेल तर तेव्हा घरात निशाण कोण दाखवतं?

गोठलेली_पणती

थर्ड, म्हणजे इथे जॅन बेट्कर. सँड्राच्या दगडावर झाडू धरणारी आणि घासणाऱ्यांवर ओरडणारी ती. म्हणून स्किप आणि थर्डचं जमलं नाही तर संघ संपला. या दोघी शेवटपर्यंत एकत्र खेळल्या.

आजोबा, तुमचा मुद्दा खोडत नाही, पण एकदा दोन मिनिटं घासून बघा. नुसता हात चालवून भागत नाही, कमरेपासून अख्खं वजन झाडूवर टाकून दगडापुढे पळायचं, आणि दगडाला स्पर्श होऊ द्यायचा नाही. झाला, तर तो दगड बाद. आणि हे तुम्हीच कबूल करायचं, पंचाची वाट न बघता. या खेळात लबाडी नाही. हरतोय हे दिसलं की शेवटचे एंड न खेळता हात मिळवून मोकळं होतात, आणि क्लबात जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पहिला पेला पाजायचा अशी रीत आहे. मी फक्त हरलेय, त्यामुळे अजून खिशाला खार लागलेला नाही.

सातारचा_सायबेरियन

विनिपेगहून लिहितोय, म्हंजे शेजारच्या प्रांतातनं. ताई, सगळं मान्य, पण इन-ऑफचा विषय काढला आणि आमच्या जेनिफर जोन्सचं नाव नाही? २००५, सेंट जॉन्स, राष्ट्रीय स्पर्धेची फायनल. शेवटचा एंड, शेवटचा दगड, बाई ६-४ नं मागं. बाजूच्या दगडावर मारून आत घुसवला आणि चार गुण. ८-६. सँड्राचा सातव्या एंडला होता, चुकला असता तरी तीन एंड हातात होते. जोन्सचा चुकला असता तर घरी.

शिवाय २०१४ला सोची ऑलिंपिकमध्ये एकही सामना न हरता सुवर्ण. आणि ती पण नोकरदारच की, वकील. आणि पोरगी पण लहान होती. आता बोला.

गोठलेली_पणती

विनिपेगकर आले म्हणजे हे होणारच होतं. :)

फटका म्हणून जोन्सचा अवघड, मान्य. तिच्यासमोर पर्याय नव्हता हेही खरं. पण माझ्यासाठी उलटं आहे. ज्याच्याकडे पर्याय नसतो तो वेडा फटका खेळतोच. सँड्राकडे तीन एंड शिल्लक होते, सांभाळून खेळायला वाव होता, ऑलिंपिक समोर होतं, आणि तरी तिने तो दगड मागितला.

सातारचा_सायबेरियन

हे जरा वकिली झालं, पण ठीकाय. चहा पाजा कधीतरी.

मिरचीभाकर

धागा छान, पण एक खुसपट. "जगज्जेती झाल्यावरही नोकरी केली" हे वाक्य कौतुकाने लिहिलंय. मला त्यात कौतुकापेक्षा राग येतो. पैसे मिळाले असते तर तिने क्लोरीन मोजत दिवस काढला असता का? आपल्याकडेही खो-खो, कबड्डी, कॅरमचे राष्ट्रीय खेळाडू बँकेत, रेल्वेत, पोलिसात, पेट्रोलियम कंपनीत असतात आणि आपण "बघा, नोकरी सांभाळून!" म्हणतो. नोकरी सांभाळावी लागते कारण खेळ पोट भरत नाही. त्याला साधेपणा म्हणू नये.

कॅरमवाला_दादर

हाफ सहमत. पण आपल्याकडे निदान खेळाडू म्हणून भरती होते, सरावाला सुट्टी मिळते. तिला स्पोर्ट्स कोटा नव्हता असं दिसतंय. वेगळीच नोकरी, वेगळाच खेळ.

गोठलेली_पणती

मिरचीभाकर, टोचलं, आणि बरोबर टोचलं. आता इथे वरच्या पातळीचे संघ वर्षभर सराव करतात, व्यायामाचे तज्ज्ञ, पैशाच्या स्पर्धा, ठिकठिकाणी प्रवास. रेचल होमन या कॅनडाच्या स्किपच्या संघाचा खेळ बघितला की कळतं, घासणाऱ्यांचे दंडच निराळे. १९९३च्या सँड्राच्या चौकडीला आज त्यांच्यासमोर उभं केलं तर काय होईल ते मला माहीत आहे आणि मी ते सस्कॅचवानमध्ये मोठ्याने बोलणार नाही.

पण तरी एक सांगते. त्या भिंतीवरच्या फोटोखाली उभ्या राहणाऱ्या इथल्या बायका तिच्याबद्दल बोलतात ते शेजारणीबद्दल बोलल्यासारखं. कुणाची पोरं तिच्या तलावात पोहायला शिकली, कुणी पासाचे पैसे परत मागायला तिच्याकडे गेलं होतं. तुम्ही म्हणता तो अन्याय आहेच. पण त्या अन्यायामुळेच ती या शहराची झाली, हेही आहे. यातलं एक काढून दुसरं ठेवता येत नाही, निदान मला तरी येत नाही.

नुसताच_वाचक

पुढे काय झालं? धागा दोन दिवस तिथेच अडकलाय. लेक डेकेअरमधून आली असेल आता.

खडूस_आजोबा

मी शोधून वाचलं. सांगत नाही. बाई, तुम्हीच लिहा.

गोठलेली_पणती

लिहिते. लिहायचं टाळत होते हे खरं.

जून १९९९ला दुसरी मुलगी झाली, जेना. गरोदरपणात सँड्राची पाठ प्रचंड दुखायची. गरोदरपणात सगळ्यांचीच दुखते, तशीच असेल असं धरलं गेलं. बाळंतपणानंतरही थांबेना तेव्हा तपासण्या झाल्या आणि छातीत, हृदयाच्या मागे गाठ सापडली. कर्करोग, आणि तो पसरलेला. शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमो. जेना तेव्हा काही महिन्यांची.

फेब्रुवारी २०००मध्ये पूर्वेकडे मंक्टनला कनिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा होती. सँड्रा तिथे टीव्हीवर समालोचन करायला गेली. पत्रकारांनी बोलावलं. केस गेलेले, चेहरा सुजलेला, आणि ती बोलायला बसली. रडली, थांबली, परत बोलली. म्हणाली की या आजाराने एक गोष्ट बरी झाली, कर्लिंगचा सामना हरणं म्हणजे जगबुडी नव्हे हे आता मला कळलंय. हे ती हसत म्हणाली.

२ मार्च २०००ला रेजायनात गेली. वय ३६.

पुढचं ऐकलं तेव्हा मला त्या रिंकवरच्या माणसाचं गप्प बसणं कळलं. त्याच आठवड्यात सस्कॅटूनला ब्रायर चालू झाली होती, म्हणजे पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा, कॅनडात हॉकीखालोखाल लोक टीव्हीला चिकटतात ती. अंत्यसंस्कार टीव्हीवरून देशभर थेट दाखवले. ब्रायरचे सकाळचे सामने पुढे ढकलले आणि स्टेडियमच्या मोठ्या पडद्यांवर तेच लावलं. देशातले सगळ्यात तगडे कर्लर बर्फाच्या कडेला उभे राहून बघत होते. अंत्यसंस्काराच्या जागेत गर्दी मावेना म्हणून तिच्या कर्लिंग क्लबातही लोकांची सोय केली होती. भाषण केलं ते ब्रायन मॅकस्करने, जोनच्या नवऱ्याने.

ती ज्या क्रीडाकेंद्रात कामाला होती त्याला आता तिचं नाव आहे. माझी लेक तिथेच पोहायला जाते. बिगरमध्ये तिच्या नावाची बाग आहे. राष्ट्रीय स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही तिच्या नावाने. जोन पुढे टीव्हीवर समालोचक झाली. सामना बघताना तिचा आवाज लागला की मला अजून फोटोतला तिचा चेहरा दिसतो.

नुसताच_वाचक

…

मिरचीभाकर

पाठदुखीचं वाचून थांबले. "बाळंतपणात होतंच असं" हे वाक्य किती जणींनी ऐकलंय. मागच्या प्रतिसादातला राग मागे घेत नाही, पण आता तो दुसरीकडे वळला.

चिमणी७

एरवी लिहीत नाही, फक्त वाचते. आम्ही काही वर्षं कॅनडात होतो. मुलगा एकतिसाव्या आठवड्यात झाला, वजन दीड किलोच्या आसपास. पाच आठवडे काचेच्या पेटीत. त्या वॉर्डच्या भिंतीवर देणगीदारांची नावं होती, रात्री दूध काढत बसले की समोर तीच. ‘सँड्रा श्मर्लर फाउंडेशन’ हे नाव मी शंभरदा वाचलं असेल. मला वाटायचं कुणीतरी म्हातारी श्रीमंत बाई असणार, नवऱ्याच्या तेलाच्या विहिरी वगैरे.

मुलगा आता सहावीत आहे. त्याला आज हा धागा वाचून दाखवला. त्याचं म्हणणं, ‘श्मर्लर द कर्लर’ हे नाव सुपरहिरोसारखं आहे.

गोठलेली_पणती

चिमणीताई, काय लिहू. हो, ती गेल्यावर तिच्या मैत्रिणींनी आणि घरच्यांनी २००१मध्ये फाउंडेशन काढलं, कमी दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी दवाखान्यांना उपकरणं घेऊन देतं. दर वर्षी महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी टीव्हीवरून देणग्या गोळा करतात. मुलाला माझा पापा द्या.

खडूस_आजोबा

फरशीबद्दलचा माझा पहिला प्रतिसाद संपादकांनी उडवला तरी चालेल.

मिरचीभाकर

नको आजोबा, राहू दे. त्याशिवाय धागा पूर्ण वाटणार नाही.

ग्लासभर_ताक

मी जरा उशिरा आलो आणि मला विज्ञानाचं कुतूहल आहे, तेव्हा विषयांतराबद्दल क्षमस्व. दगड वळतो म्हणालात, कुठल्या बाजूला? आत्ता डायनिंग टेबलावर स्टीलचा पेला उपडा ठेवून, घड्याळाच्या दिशेने गिरकी देऊन पुढे ढकलला. तो डावीकडे वळला. तीनदा केलं, तिन्ही वेळा डावीकडे.

गोठलेली_पणती

आणि कर्लिंगचा दगड तशीच गिरकी दिली तर उजवीकडे वळतो! बरोबर उलट. हेच मला ऑफिसातल्या एका इंजिनिअरने कॉफीच्या कपावर दाखवलं होतं. पेला पुढे कलतो, पुढची कड जास्त दाबली जाते, घर्षण पुढे जास्त, म्हणून डावीकडे. बर्फावर मग उलटं का, यावर शास्त्रज्ञांचे अजून वाद चालू आहेत. काहींच्या मते पुढच्या कडेचा दाब बर्फ निसरडा करतो, काही म्हणतात दगडाचा खरबरीत कडा दाण्यांवर ओरखडे काढतो आणि मागची कड त्या ओरखड्यांच्या वाटेने वळते. पाचशे वर्षं जुना खेळ, आणि दगड का वळतो यावर एकमत नाही.

कॅरमवाला_दादर

आणि ग्रॅनाइट कुठला? आपल्याकडच्या ओट्याचा चालेल का? :)

गोठलेली_पणती

ओट्याचा चालणार नाही, पहिल्या टकरीत कपचा उडेल. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडे एल्सा क्रेग नावाचं एक ओसाड बेट आहे, ऑलिंपिकचे दगड तिथल्या ग्रॅनाइटचे. तिथला निळसर जातीचा दगड इतका बारीक कणांचा की पाणी शोषतच नाही. पाणी शिरलं आणि गोठलं की दगड फुटतो, म्हणून तोच लागतो.

ग्लासभर_ताक

पेल्याचा प्रयोग भरून केला तर फरक पडेल का हे बघायला पाणी घातलं. फरक कळायच्या आत पेला टेबलाच्या कडेवरून गेला. आता फरशी पुसतोय. मागून सौ. विचारताहेत, "हरी हार्ड म्हणजे काय रे?"